न उघडलेली एअरबॅग

१

एअरबॅगच्या जागी एअरबॅग नव्हती.

मामांनी चपट्या पट्टीने डॅशबोर्डवरचं झाकण उचकटलं, आत टॉर्च मारला आणि बराच वेळ ते नुसते बघतच राहिले. आत रिकामा खड्डा होता, त्यात कोंबलेला पिवळा फोम होता, आणि दोन वायरींच्या तोंडाशी मिरीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर चिकटवलेला होता. त्या रेझिस्टरचं काम एवढंच, की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटावं एअरबॅग आपल्या जागी सुखरूप आहे. किल्ली फिरवली की लाल दिवा लागतो, चार सेकंदांनी शहाण्या मुलासारखा विझतो, आणि शेजारी बसणारं माणूस निर्धास्त बसतं. पुढे कधी गाडी कशावर आपटली, तर त्या माणसाच्या तोंडासमोर काहीही उघडणार नसतं.

मामा निवृत्त सर्वेअर होते. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. कुठला ओरखडा नवा आणि कुठला जुना, कोण खरं रडतंय आणि कोण बिल फुगवतंय, हे त्यांना वासावरून कळायचं, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. गाड्यांच्या बाबतीत ते सदा नाकाने कांदे सोलत, आणि घरातही कुणी सायकल घ्यायची तरी आधी मामांचा कौल लागे.

तरीसुद्धा या गाडीला त्यांनी फोनवर नुसते फोटो बघून हिरवा कंदील दाखवला होता. ठमीने, म्हणजे त्यांच्या भाचीने, चौदा फोटो पाठवले आणि मामा दुपारची झोप मोडल्याच्या त्राग्यात म्हणाले, घ्यायला हरकत नाही. झालं. ठमीने गावभर सांगितलं. ती लोकांना घरं दाखवण्याचा धंदा करायची, आणि तिच्या डबड्या गाडीतून उतरल्यावर बंगला घेणारं गिऱ्हाईक तिच्याकडे दुर्लक्षच करतं, हे तिचं जुनं दुखणं. ही गाडी म्हणजे एकेकाळी मोठ्या साहेबांच्या दाराशी उभी राहणारी राणी, आणि किंमत एखाद्या नव्या छोट्या गाडीएवढी. आज मामा जुन्या गाड्यांच्या दुकानात केवळ उपचार म्हणून आले होते.

राणीचे दात पडलेले होते, ते त्यांना आल्याआल्याच दिसलं. सीटचं चामडं भेगाळलेलं, छताची काच अर्ध्यात अडकलेली, मागचा एक कोपरा बसकण मारलेला, इंजिनाला तेलाचा घाम. पण हे सगळं चौदा वर्षांच्या गाडीला शोभतं. खटकली ती शेजारच्या सीटसमोरची एक उथळ खळी. बोट फिरवलं तरच कळेल अशी. वरून रंग मारून ती झाकलेली होती.

त्या सीटवर ताई बसणार होती, मामांची थोरली बहीण, ठमीची आई. मागे बसलं की तिला गाडी लागायची, म्हणून ती जन्मभर पुढेच बसत आलेली. आपण फोनवर म्हणालो ‘हरकत नाही’, आणि ताई इथे बसली असती.

ठमीने खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, काय झालं. मामा म्हणाले, “कुणीतरी एअरबॅग काढलीय. आणि काढलेली कळू नये याची सोयही केलीय.”

२

जुन्या गाड्यांचा तो व्यापारी, सगळे त्याला शेठच म्हणत, भर उन्हात कोट घालून हिंडायचा. एअरबॅगचं नाव काढताच त्याने कानांवर हात ठेवले. गाडी येऊन तीनच आठवडे झाले, आपण आत हात घातलेला नाही, घरच्यांची शपथ वगैरे.

मामांनी त्याला तावातावाने काही विचारलं नाही. त्यांची पद्धत अशी, की समोरच्याला बोलू द्यायचं. खोटं बोलणारा माणूस शांततेला घाबरतो आणि ती भरायला जातो. शेठही पाच मिनिटांत भरायला लागला. गाडीला तसा थोडा धक्का बसलेला होता. थोडा म्हणजे समोरून. एका डॉक्टरांची गाडी. अपघातानंतर तीन वर्षं त्यांनी ती दुरुस्तच केली नाही, आवरण घालून नुसती उभी ठेवली. शेठने घेतल्यावर बंपर, दिवे, रेडिएटर बदलले, आणि स्टीअरिंगमधली फुटलेली एअरबॅगही बदलली.

“आणि शेजारची?”

“ती उघडलीच नव्हती हो मामासाहेब. न उघडलेली वस्तू बदलू कशाला? झाकण जागच्या जागी, दिवा व्यवस्थित. मी म्हटलं, वाचला तेवढा खर्च.”

ठमीचा चेहरा उतरला. तिला अपघाताबद्दल कुणी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. शेठ म्हणाला, तुम्ही विचारलं कुठे.

चोर तर हाच, असं ठमीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मामा मात्र पुन्हा गाडीत बसले. त्यांनी खड्ड्यातला फोम दोन बोटांत धरला, तर त्याचा भुगा होऊन खाली पडला. फोमचा असा भुगा व्हायला वर्षं लागतात. तीन आठवड्यांपूर्वी कोंबलेला फोम बोटांत दाबला की परत फुगतो. शेठ खोटारडा होता यात वाद नाही, पण या बाबतीत त्याच्या अंगावर काही येत नव्हतं.

मग त्यांनी सवयीने काचा बघितल्या. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची बारीक खूण असते. चारही दारांच्या काचा गाडीच्याच वयाच्या निघाल्या. पुढची मोठी काच दीड वर्षाने तरुण होती. म्हणजे गाडी दीड वर्षाची असताना पुढची काच फुटली होती. मामांनी हे वहीत टिपलं आणि कुणाला काही बोलले नाहीत.

जाताना शेठ एक गोष्ट मात्र खरी बोलला. इतकी स्वस्त का, असं ठमीने तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, “डॉक्टरांनी भाव केलाच नाही. म्हणाले, काय द्यायचं ते द्या, पण आजच्या आज घेऊन जा.”

शेठकडून पत्ता घेऊन दोघांनी तडक डॉक्टरांचं घर गाठलं. दार त्यांनीच उघडलं. साठी उलटलेला, नीटनेटका माणूस, दातांचे डॉक्टर. मामांनी ओळख सांगितली आणि शेजारच्या सीटच्या एअरबॅगबद्दल थोडं विचारायचंय म्हणाले. डॉक्टरांनी मागे वळून घरात बघितलं, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “ते माझ्याच हातून झालं.”

३

ठमी तिच्या डबड्या गाडीपाशी थांबली आणि दोघे बाहेरच्या खोलीतल्या दवाखान्यात बसले. दवाखाना बंद होता. दात उपटायच्या खुर्चीवर चादर टाकलेली होती.

डॉक्टर सांगत गेले. गाडी त्यांनीही जुनीच घेतली होती. अशा गाड्यांना शेजारची एअरबॅग बंद करायची सोय असते. दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला एक छोटं भोक दिसतं, त्यात किल्ली घालून फिरवायची. लहान मुलाची सीट पुढे बांधायची असेल तर एअरबॅग बंद ठेवावी लागते. अपघाताच्या चार दिवस आधी नातवाला पुढे बसवलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी ती बंद केली. नातू गेला, सीट काढली, पण किल्ली परत फिरवली का, हे त्यांना आठवत नव्हतं. चार दिवसांनी बायकोला शेजारी बसवून ते निघाले, समोर टेम्पो थांबला, आणि गाडी त्यावर गेली. डॉक्टरांची एअरबॅग उघडली, त्यांना खरचटलंही नाही. बायकोची उघडली नाही. ती डॅशबोर्डवर आदळली आणि चष्मा डोळ्यात फुटला.

“नंतर मी ते भोक बघायलाही गेलो नाही,” डॉक्टर म्हणाले. “बंद दिसलं असतं तर मी जगलो नसतो. हिला आजतागायत सांगितलेलं नाही. तुम्ही पहिलेच.”

तेवढ्यात दार ढकलून बाई चहा घेऊन आल्या. डावा डोळा मिटलेला, गालावरून ओठापर्यंत एक ओढलेला व्रण. बोलणं मात्र खेळकर. पाहुण्यांना बसवायला हीच खोली मिळाली का, असं म्हणून त्यांनी नवऱ्याला चिमटा काढला. डॉक्टरांनी कप घेतला तो कपाकडे बघत घेतला. बाई खोलीत होत्या तोवर डॉक्टरांनी मान वर केली नाही. बाई मामांना हसून म्हणाल्या, “यांना जन्मभर तोंडात बघायची सवय, म्हणून चेहऱ्याकडे बघत नाहीत.” आणि कप गोळा करून गेल्या.

गाडी घ्यावी की न घ्यावी एवढ्या साध्या प्रश्नासाठी निघालेला माणूस, तो कुणाच्या घरातल्या कुठल्या खोलीत येऊन बसला होता. डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगावंसं वाटलं, की किल्लीचा काही संबंधच नाही, आत एअरबॅगच नव्हती. पण सर्वेअरची जीभ पुराव्याशिवाय उचलत नाही. गाडी तीन वर्षं आवरणाखाली उभी होती, त्या काळात कुणी हात मारला असेल तर? डॉक्टरांना खोटा दिलासा देऊन पुन्हा काढून घेणं म्हणजे मेलेल्याला मारणं.

त्यांनी एकच विचारलं. त्या अपघातात पुढची काच फुटली होती का?

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “काचेला तडाही गेला नाही. त्याचंच लोक नवल करत होते.”

मामांच्या डोक्यात उजेड पडला. शेजारची एअरबॅग वरच्या बाजूने उसळते आणि बहुतेक वेळा पुढची काच आतून फोडूनच फुगते. मग ही काच दीड वर्षाने तरुण का, याचं उत्तर सरळ होतं. शेजारची एअरबॅग एकदा उघडली होती, पण डॉक्टरांच्या अपघातात नव्हे. गाडी दीड वर्षाची असताना, आधीच्या मालकाकडे. तेव्हा काच नवी बसली आणि एअरबॅग बसलीच नाही. डॉक्टरांनी गाडी घेतली तेव्हा खड्डा रिकामाच होता.

आधीचा मालक कोण, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी एका कंपनीचं नाव घेतलं. तिच्या साहेबांची गाडी होती ती.

नाव ऐकून मामा जागचे उठले. त्या कंपनीच्या सगळ्या गाड्या एकाच गॅरेजमध्ये दुरुस्त व्हायच्या. ते गॅरेज त्यांना घरच्यासारखं माहीत होतं.

४

त्या गॅरेजचे जुने मिस्त्री, सगळ्यांचे उस्ताद, आता काम करत नव्हते. गॅरेज जावई चालवायचा आणि उस्ताद दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचे. मामांना बघून त्यांना मनापासून आनंद झाला. किती वर्षांनी आलात साहेब, म्हणून त्यांनी दुसरी खुर्ची पुसून दिली.

मामांनी खुर्चीला हात लावला नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं मांडलं. भुगा झालेला फोम, दीड वर्षाने तरुण काच, डॉक्टरांच्या अपघातात न फुटलेली तीच काच. साडेबारा वर्षांपूर्वी ही गाडी इथे आली होती, दोन्ही एअरबॅगा फुटलेल्या होत्या. विम्यातून दोन्हींचं बिल वसूल झालं असणार आणि बसली एकच.

उस्ताद नाही म्हणाले नाहीत. कंपनीच्या साहेबांना गाडी आठ दिवसांत हवी होती, दुसरी एअरबॅग यायला महिना लागणार होता. आली की बसवू म्हणून तात्पुरता रेझिस्टर लावला. मग गाडी परत आली नाही, आणि आपणही बोलावली नाही. खाई त्याला खवखवे, साहेब, ते म्हणाले, पण खवखवही वर्षा-दोन वर्षांत बसते.

“तिथे एक बाई बसली होती,” मामा म्हणाले. “डोळा गेला तिचा. आणि नवरा समजतो की त्याने घालवला.”

उस्तादांनी मान खाली घातली. पण मामांचा राग आता कुठे पेटला होता, आणि खरं सांगायचं तर पेटलेला बरा वाटत होता. ते म्हणाले, तुम्ही लबाडी केली हे समजलं. पण दुरुस्ती झाल्यावर विमा कंपनीचा सर्वेअर येतो. गाडी बघतो, मग सही करतो. आमच्यातले चारपाच जण इथे यायचे, त्यातला तो कोण, झोपा काढत होता का? एवढं साधं झाकण उचकटून बघता येऊ नये? असल्या माणसाला नोकरीवर ठेवलं कुणी?

उस्तादांनी जावयाला हाक मारून माळ्यावरची एक गोणी काढायला सांगितली. तिच्यातून त्यांनी फुटलेल्या एअरबॅगचं एक मळकं कापड बाहेर काढलं आणि मामांच्या हातात दिलं. कापडावर हिरव्या शाईची भलीमोठी फुली होती. फुलीखाली गाडीचा नंबर, तारीख आणि सही.

“फुली मारलेला माल फेकायचा नाही, हा तुमचाच नियम होता,” उस्ताद म्हणाले. “मी एकही फेकला नाही.”

सही मामांची होती.

५

हिरवी फुली हा मामांचा अभिमान होता. तेव्हा गॅरेजवाले एकच फुटलेली एअरबॅग चार गाड्यांच्या नावावर दाखवून चारदा बिल लावायचे. मामांनी ती चोरी बंद पाडली. ते गॅरेजमध्ये गेले की आधी फुटलेला माल समोर मांडायला लावत, मोजत, आणि प्रत्येकावर फुली मारून सही करत. एकदा फुली पडली की तो माल पुन्हा कुणाच्या बिलात जाणार नाही. वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली, नवशिक्यांना त्यांच्या हाताखाली पाठवलं.

जुना माल त्यांनी डोळ्यांत तेल घालून मोजला. नवा बसला की नाही, ते बघायला मात्र किल्ली फिरवायची, दिवा लागून विझला की झालं. दोन फुटल्या, दोन फुल्या, दोन्हींचं बिल, सही. एकतीस वर्षं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि हा तर स्वतःच्या हाताने लावलेला दिवा.

ही गाडी त्यांना आठवतही नव्हती, याची लाज त्यांना सगळ्यात जास्त वाटली.

उस्ताद म्हणाले, साहेब, ते कापड जाळून टाकू. तुम्ही गप्प, मी गप्प. गाडी भंगारात जाऊ दे, भाचीला सांगा इंजिन गेलंय. मामांनी ते ऐकून घेतलं. मनात आलंच नाही असं नाही. ठमी रस्त्यापलीकडे उभी होती, तिला काही ऐकू आलेलं नव्हतं. घरात मामांचा शब्द होता, तो राहिला असता. वय झालेलं, पदरात एवढीच तर मिळकत. आणि डॉक्टर? त्यांना काय, त्यांनी तीन वर्षं सोसलंच होतं.

तेवढ्या एका विचाराने मामांना स्वतःची शिसारी आली. कापड काखेत मारून ते रस्ता ओलांडून गेले आणि गाडीत बसल्याबसल्या त्यांनी ठमीला सगळं सांगितलं. फोटो बघून दिलेला होकारही त्यातलाच, असं म्हणाले. तिथे दिवा बघून सही केली, इथे फोटो बघून.

ठमीने विचारलं, की नवी एअरबॅग बसवली तर गाडी घेण्यासारखी आहे का. धंदेवाईक पोरगी, तिचंही चुकत नव्हतं. मामा म्हणाले, “असल्या गाडीची किंमत म्हातारी होते, तिच्या पार्टची होत नाही. हत्ती स्वस्तात मिळेल, चारा नाही मिळणार. पण हे मी सांगतोय म्हणून ऐकू नकोस. आता दुसऱ्या कुणाला तरी दाखव.”

“नको,” ठमी म्हणाली. “आई बसणारे त्यात.” आणि तिने न सांगता गाडी डॉक्टरांच्या घराकडे वळवली.

या खेपेला मामांनी दवाखान्यात बसायला नकार दिला. बाईंसमोरच बोलायचंय म्हणाले. डॉक्टर पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं किल्लीची गोष्ट फुटणार, आणि ती फोडल्याशिवाय मामांना पुढचं सांगताही येणार नव्हतं. चौघं घरातल्या टेबलाभोवती बसले. मामांनी कापड मधोमध पसरलं.

त्यांनी काही लपवलं नाही आणि काही गोडही केलं नाही. नातवासाठी एअरबॅग बंद केली होती, ती परत चालू केली की नाही ते डॉक्टरांना आठवत नाही, आणि तीन वर्षं ते हेच धरून बसलेत, हे त्यांनी बाईंना सांगितलं. मग म्हणाले, की किल्ली कशीही फिरवली असती तरी काही उघडलं नसतं. तिथे काही नव्हतंच. गाडी तुमच्या घरी येण्याआधीच ते नव्हतं. ते बसवायचं होतं गॅरेजच्या उस्तादांनी, आणि बसलं की नाही हे बघायचं होतं मी. ही माझी सही. तक्रार करायची असेल तर हे कापड तुमच्याकडे ठेवा, मी कुठेही येऊन हेच बोलेन.

डॉक्टर सहीकडे बघत होते. मामांना वाटलं, बाई आता आपल्याला काहीतरी बोलतील. त्यासाठी ते तयार होऊन आले होते. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी हात जोडून घेतल्या असत्या.

बाईंनी कापडाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याकडे वळल्या होत्या. बोलताना त्यांचा तो खेळकर आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“म्हणून बघत नव्हतात?” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं मला वाटत होतं, माझा चेहरा बघवत नाही तुम्हाला.”

डॉक्टरांनी मान वर केली. मामा उठले आणि ठमीचा दंड धरून दाराकडे निघाले. त्यांच्यासाठी तिथे माफी नव्हती आणि शिक्षाही नव्हती, आणि यापुढे दोन्ही मागायला त्या घरात यायचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांना उंबऱ्यावरच कळून चुकलं.